उसनवारीचा प्रश्न : मॉर्मन पंथ आणि फ्रीमेसनरी

मराठी वाचकाची मॉर्मन पंथाशी पहिली गाठ बहुधा एका रहस्यकथेत पडते. आर्थर कॉनन डॉयलची 'अ स्टडी इन स्कार्लेट' ही शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिच्या उत्तरार्धात यूटामधील मॉर्मन वसाहत येते ती एका भयंकर गुप्त संघटनेच्या रूपाने : घरात रात्रीतून उमटणारे आकडे, विरोधकांचे अकस्मात नाहीसे होणे, शेजाऱ्याशीही मोकळेपणाने बोलण्याची भीती. कथेच्या आरंभी ज्याचा खून झालेला आढळतो तो ड्रेबर हा एकेकाळचा मॉर्मन. त्याच्या अंगावर सापडलेल्या जिनसांच्या यादीत फ्रीमेसन मंडळाचे चिन्ह असलेली एक सोन्याची अंगठी आहे. ह्या अंगठीचा होम्सला पुढे काही उपयोग होत नाही आणि वाचकही तिला विसरून जातो. कादंबरी लिहून झाल्यानंतर, पण ती छापून येण्यापूर्वी, १८८७ च्या जानेवारीत डॉयल स्वतः पोर्ट्समथच्या फीनिक्स लॉजमध्ये फ्रीमेसन झाला, हेही सहसा कोणाच्या ध्यानात नसते. मॉर्मनाच्या जिनसांत मेसनची अंगठी ठेवून ह्या लेखकाने, जाणून असो वा नकळत असो, एका खऱ्या इतिहासाकडे बोट दाखविले आहे.

तो इतिहास थोडक्यात असा. मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ ह्याला इलिनॉय राज्यातील नावू ह्या गावी १५ मार्च १८४२ रोजी फ्रीमेसन मंडळाची पहिली दीक्षा मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी तो तिसऱ्या श्रेणीस पोहोचला. त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, ४ मे रोजी, त्याने आपल्या निवडक अनुयायांना एक नवा विधी दिला. पंथाच्या मंदिरांतून आजही चालणारा 'एन्डाउमेंट' विधी तो हाच. वरून मिळालेले सामर्थ्याचे दान असा त्या शब्दाचा भाव आहे. खुणा, हस्तसंकेत, एप्रन, विशेष वस्त्र, शपथा आणि शपथभंगाचे दंड ह्या सर्व बाबतींत मूळचा हा विधी लॉजमधील विधीशी इतका जुळत होता की, ते साम्य नाकारण्याचा प्रयत्न कोणी जाणकाराने केलेला नाही. मतभेद आहे तो साम्याच्या अर्थाविषयी. विरोधक म्हणतात, ही चोरी आहे. अनुयायी म्हणत आले की, अतिप्राचीन मूळ विधी देवाने स्मिथला परत दिला, आणि मेसनांपाशी होता तो त्याच विधीचा भ्रष्ट अवशेष होय. पावणेदोनशेहून अधिक वर्षे हा वाद ह्या दोन उत्तरांभोवती फिरत आहे. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. साधन कोठून आले एवढेच ती दोन्ही विचारतात. त्या साधनाचे पुढे काय केले गेले हा प्रश्न दोघांच्याही मनात येत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही उणीव तत्काळ जाणवावी.

फ्रीमेसन मंडळ आपल्याकडच्या वाचकाला अगदीच अपरिचित नाही. उत्तरेकडे त्यांच्या इमारतींना लोक 'जादूघर' म्हणत. हैदराबादच्या वाचकांनी गोशामहल बारादरीत भरणारी लॉज बाहेरून तरी पाहिलेली असेल. मुंबईत भारतीयांना प्रवेश देण्यासाठी 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज १८४३ मध्ये निघाली आणि तिच्यात पारशी गृहस्थ पुढे होते. योगायोग असा की, ह्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १८५२ मध्ये, ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन धर्मप्रचारक मुंबईत उतरला आणि पुण्यापर्यंत पोहोचला. लॉज रुजली, फिंडलेच्या श्रमाला मात्र फारसे फळ आले नाही.

मेसन म्हणजे पाथरवट. मध्ययुगीन पाथरवटांच्या संघांपासून आपली परंपरा सुरू झाली असे हे मंडळ सांगते, आणि त्याही पलीकडे जाऊन शलमोन राजाच्या मंदिराशी आपले नाते जोडते. ऐतिहासिक पुरावा एवढा दूर जात नाही. स्कॉटलंडमधील लॉजची कार्यवृत्ते १५९९ पासूनची मिळतात. लंडनची ग्रँड लॉज १७१७ ची. मंदिराचा शिल्पी हिराम अबिफ आपले रहस्य सांगण्यास नकार देतो आणि मारला जातो, ही तिसऱ्या श्रेणीची आख्यायिका छापील स्वरूपात प्रथम दिसते ती १७३० मध्ये, सॅम्युएल प्रिचर्डच्या गौप्यस्फोटक पुस्तिकेत. ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागाकडे वळू. विल्यम मॉर्गन नावाच्या एका इसमाने मेसनांची रहस्ये छापण्याचा घाट घातला आणि सप्टेंबर १८२६ मध्ये तो पळविला गेला. तो पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याचे पुस्तक मात्र निघाले, आणि खटल्यांत आरोपींना झालेल्या किरकोळ शिक्षांमुळे लोकांचा असा ग्रह झाला की, न्यायासनावरही मेसन बसले आहेत. केवळ ह्या एका प्रश्नावर एक राजकीय पक्ष उभा राहिला. १८३२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याच्या उमेदवाराने व्हर्माँट राज्य जिंकले. न्यूयॉर्कमधील लॉजेस धडाधड बंद पडल्या. मॉर्गन जेथून नाहीसा झाला ते कॅनन्डेग्वा गाव आणि स्मिथ कुटुंब राहत होते ते पाल्मायरा ही गावे एकाच परिसरातील. 'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ पाल्मायरातच मार्च १८३० मध्ये छापला गेला, म्हणजे ऐन गदारोळात.

ह्या ग्रंथाकडे धर्मग्रंथ म्हणून न पाहता क्षणभर आख्यान म्हणून पाहावे. त्यात प्राचीन अमेरिकेतील दोन संस्कृतींचा नाश वर्णिला आहे, आणि दोन्हींच्या नाशाचे एक प्रमुख कारण म्हणून गुप्त संघटना दाखविल्या आहेत. गॅडिअँटनच्या टोळीचे लोक शपथेने बांधलेले असतात, खुणांनी व सांकेतिक शब्दांनी एकमेकांना ओळखतात, आपल्यातील अपराध्याला न्यायासनापासून वाचवितात. एके ठिकाणी तर ही मंडळी कमरेला रक्तात रंगविलेले कोकराचे कातडे गुंडाळून चालून येतात. मेसनाचा एप्रन कोकराच्या कातड्याचा असतो हे त्या काळच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. अलेक्झांडर कँबेल ह्या धर्मोपदेशकाने १८३१ मध्येच टीका केली की, न्यूयॉर्कात गेल्या दहा वर्षांत जे जे वाद झाले त्या सर्वांचा निकाल ह्या ग्रंथात लावला आहे. त्याच्या यादीत फ्रीमेसनरीही आहे. कँबेलचा रोख उपहासाचा होता, पण त्याचे वाचन खोटे नव्हते. पंथाच्या आरंभीच्या मंडळींत मेसनविरोधक होतेच, डब्ल्यू. डब्ल्यू. फेल्प्स हा तर त्या पक्षाच्या पत्राचा संपादक होता.

एवढ्यावरच थांबले तर चित्र सोपे होते. परंतु त्याच स्मिथ घराण्यातील थोरला भाऊ हायरम पाल्मायराच्या लॉजचा सभासद होता. आणि मेसनांच्या वरच्या श्रेणीत एक आख्यायिका सांगितली जाते की, हनोखाने देवाचे नाव कोरलेला सोन्याचा पत्रा भूमिगत दालनात लपवून ठेवला व तो पुढे सापडला. टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे सापडले, ह्या स्मिथच्या कथनाशी ह्या आख्यायिकेचे नाते जाणवल्याशिवाय राहत नाही. म्हणजे एकीकडे शपथबद्ध टोळ्यांचा धिक्कार आणि दुसरीकडे लपविलेल्या पवित्र ज्ञानाचे आकर्षण, असे दोन्ही धागे प्रथमपासूनच शेजारी शेजारी आहेत. हा विरोध केवळ तार्किक नव्हे. रहस्य कोणाच्या हाती आहे ह्यावर त्याचा रंग ठरतो, अशी ती भूमिका आहे.

बारा वर्षांनंतर रंग बदलला. मधल्या काळात ह्या पंथाने जे सोसले ते विसरून नावूकडे पाहणे अन्यायाचे होईल. मिसुरी राज्याच्या गव्हर्नरने २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मॉर्मनांना राज्यातून हाकलावे वा नेस्तनाबूत करावे असा लेखी हुकूम काढला. तीनच दिवसांनी हॉन्स मिल येथे झालेल्या हल्ल्यात सतरा मॉर्मन मारले गेले. त्याच वर्षी मॉर्मनांतही 'डॅनाइट' नावाची शपथबद्ध टोळी निघाली होती, हेही नमूद केले पाहिजे. हजारो लोक मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉयमध्ये आले आणि १८३९ पासून नावू वसले. आता त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या : राज्यातील वजनदार लोकांचा स्नेह, आणि आपापसांत न फुटणारा विश्वास. दुसरी गरज पहिलीपेक्षा अधिक खोल होती. कारण १८४१ पासून स्मिथने बहुपत्नीकत्वाचा आचार गुपचूप सुरू केला होता आणि तो फार थोड्यांना ठाऊक होता. मेसनरीचे खरे रहस्य म्हणजे रहस्य राखणे, अशा आशयाचे त्याचे उद्गार त्याच्या दैनंदिनीत ऑक्टोबर १८४३ मध्ये नोंदलेले आहेत. ह्या एका वाक्यात नावूची सारी परिस्थिती आली आहे.

लॉजची स्थापना इलिनॉयच्या ग्रँड मास्टरने, अब्राहम जोनस ह्याने, केली. हा ज्यू राजकारणी पुढे लिंकनचा स्नेही म्हणून प्रसिद्धीस आला. मॉर्मनांची मते मिळावीत हा त्याचा हेतू होता अशी टीका तेव्हाही झाली. क्विन्सी येथील लॉजने हरकत घेतली. हरकतीला जागा होतीच, कारण नावूत पाच महिन्यांच्या आत अडीचशेहून अधिक लोकांना दीक्षा दिली गेली. एकाच मतदानात अनेक उमेदवारांना घेतले जात असे, हे मेसनांच्या नियमाला सोडून होते. थोड्याच वर्षांत मॉर्मन मेसनांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली आणि राज्यातील इतर सर्व सभासदांची एकत्रित संख्याही तिच्यापुढे कमी पडली. निवडक सभ्य गृहस्थांचे मंडळ म्हणून जे जपले गेले ते एका गावाने गावकीसारखे चालविले, अशी ती तक्रार होती. मला ही तक्रार वाचताना नेहमी वाटते की, तंट्याचे मूळ धर्मात नसून मंडळाच्या स्वरूपाविषयीच्या कल्पनेत होते. मेसनांना लॉज हवी होती ती समाजातून निवड करण्यासाठी. मॉर्मनांना ती हवी होती समाज बांधण्यासाठी.

स्मिथच्या विटांच्या दुकानाचा वरचा मजला ह्या साऱ्या घडामोडींचे स्थान आहे. तेथे लॉजच्या बैठका होत. तेथेच, स्मिथ तिसऱ्या श्रेणीस पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ मार्च १८४२ रोजी, स्त्रियांची 'रिलीफ सोसायटी' स्थापन झाली. आणि तेथेच ४ मे रोजी नऊ पुरुषांना एन्डाउमेंट मिळाले. त्या नऊ जणांत जेम्स अ‍ॅडम्स होता. तो इलिनॉयच्या ग्रँड लॉजचा उपाध्यक्षच होता. हिबर किंबॉल होता. तो न्यूयॉर्कमध्येच जुना मेसन. अशा लोकांना साम्य दिसले नसते तरच नवल. किंबॉलने जूनमध्ये पार्ली प्रॅटला लिहिलेल्या पत्रात ते सरळ मान्य केले आहे : पौरोहित्य आणि मेसनरी ह्यांत सारखेपणा आहे, जोसेफ म्हणतो की, मेसनरी पौरोहित्यातूनच निघाली, पण ती भ्रष्ट झाली आहे. लपवाछपवीचा आरोप करणाऱ्यांनी हे पत्र नीट वाचावे. जे सर्व जण ओळखत होते ते त्यांच्यापासून लपवायचे कसे?

परंतु किंबॉलने सांगितलेला सिद्धान्त इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही, हेही तितक्याच सरळपणे म्हटले पाहिजे. भ्रष्ट अवशेष म्हणण्यासाठी मागे अखंड वंशावळ हवी. ज्या तिसऱ्या श्रेणीशी एन्डाउमेंटचे साम्य सर्वांत दाट आहे ती श्रेणीच अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात आकाराला आली. १७३० ची ती पुस्तिका येथे आडवी येते. शलमोनाच्या काळापासून चालत आलेला विधी तिच्यापूर्वी कोठे दिसत नाही. ह्यू निब्ली ह्या व्यासंगी मॉर्मन पंडितांनी ही अडचण ओळखून मेसनांना बाजूला सारले आणि थेट प्राचीन इजिप्तमधील विधींशी तुलना मांडली. त्यांचा ह्या विषयावरील ग्रंथ १९७५ मध्ये निघाला. त्यांच्या विद्वत्तेविषयी आदर बाळगूनही असे म्हणावे लागते की, तीन हजार वर्षांपूर्वीचे साम्य शोधून सात आठवड्यांपूर्वीच्या साम्याचे स्पष्टीकरण होत नाही.

मग चोरीचा पक्ष खरा ठरतो काय? येथे आपल्याच परंपरेचा दाखला देण्याचा मोह आवरत नाही. मोरोपंतांनी भारताची कथा घेतली म्हणून कोणी त्यांना चोर म्हणत नाही. गीता ज्ञानेश्वरांची नव्हती, ओवीही त्यांनी निर्माण केलेली नव्हती. घेतलेल्या रूपात कवी काय भरतो, आणि भरल्यामुळे ते रूपच कसे पालटते, ह्यावर आपण निर्णय करतो. विधी हेही एक प्रकारचे काव्यच आहे. किंबहुना नाट्य आहे, कारण त्यात ऐकणाराच पात्र होतो. तेव्हा दोन्ही विधी शेजारी ठेवून पाहू. ज्या गोष्टी पंथीय लोक पवित्र म्हणून बाहेर बोलत नाहीत त्यांचा तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. सर्वश्रुत आराखडा पुरेसा आहे.

लॉजमध्ये उमेदवार हिराम अबिफच्या भूमिकेत असतो. कथा मृत्यूची आहे आणि तिचा गाभा हानीचा आहे. शिल्पी मरतो, त्याच्याबरोबर मूळ शब्द हरवतो, उरतो तो त्या शब्दाच्या जागी ठेवलेला दुसरा शब्द. मनुष्याने आपल्या वचनाला प्राणापलीकडे जपावे, हा तिचा बोध. नावूच्या विधीत हिराम नाहीच. तेथे उमेदवार पुरुष असेल तर आदाम आणि स्त्री असेल तर हव्वा. कथा सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होते, बागेतून बाहेर काढले जाण्यापाशी येते, आणि पुढे पायरीपायरीने देवाच्या सान्निध्यात परत जाण्यावर संपते. तेथे शब्द हरवण्याला स्थान नाही. खुणा आहेत त्या परतीच्या वाटेवरील परवान्यासारख्या. एकाच तऱ्हेच्या खुणा, एकाच तऱ्हेची शपथ, पण एका कथेत त्या मरणाऱ्याच्या मुखातून न निघालेल्या रहस्याचे स्मरण करून देतात आणि दुसरीत त्या घरी परतणाऱ्याला दार उघडून देतात. ज्याने केवळ चोरी केली त्याच्याकडून असे घडत नाही. नक्कल करणारा कथा ठेवतो आणि नावे बदलतो. येथे नेमके उलट झाले आहे. उपकरणे राहिली, कथा गेली.

'स्त्री असेल तर हव्वा' असे वर म्हटले. माझ्या मते ह्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोठा बदल हाच. अँडरसनच्या १७२३ च्या घटनेने स्त्रियांना लॉजबाहेर ठेवले होते. फ्रान्समध्ये अठराव्या शतकात स्त्रियांसाठी वेगळ्या 'दत्तक' लॉजेस निघाल्या हे खरे, पण अमेरिकेतील रूढ व्यवहारात मेसनरी म्हणजे पुरुषांची बैठक. नावूत १८४३ मध्ये एमा स्मिथला आणि तिच्यानंतर इतर स्त्रियांना एन्डाउमेंट मिळाले. एमाच्या आयुष्यातील ह्याच काळातील यातना, पतीच्या इतर विवाहांमुळे तिला झालेला मनस्ताप, हे ध्यानात घेता ह्या प्रवेशाला निर्भेळ मुक्ती म्हणणे भाबडेपणाचे होईल. ज्या विधीने स्त्रीला आत घेतले त्याच विधीच्या गुप्ततेने बहुपत्नीकत्वालाही आडोसा दिला. तरीही रचनेच्या दृष्टीने बदल मोठाच आहे. भाऊ नसलेल्या पुरुषांना भाऊ करणे हा लॉजचा हेतू होता. मंदिराने तो सोडून दिला आणि पती, पत्नी, मुले, मेलेले आजेपणजे ह्यांना अनंतकाळासाठी जोडणे हा हेतू स्वीकारला. मृतांच्या नावे बाप्तिस्मा देण्याचा आचार १८४० पासून होताच. बंधुत्वाचे नाट्य वंशाचे नाट्य झाले. वंशावळींच्या शोधासाठी ह्या पंथाने १८९४ मध्ये काढलेली संस्था आणि तिचे जगभर पसरलेले संकलन हे ह्याच बदलाचे फळ आहे. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही सूक्ष्मचित्रण तिने केले आहे. मेसनरीतून अशी संस्था निघण्याचे काही कारण नव्हते.

गुप्ततेची किंमत मात्र मोजावी लागते, आणि ती नेहमी आतल्यांनाच मोजावी लागते असे नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले. परिणाम असा झाला की, विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा करेपर्यंत इतर मराठी समाजाने त्यांच्याविषयी वाटेल त्या कंड्या खऱ्या मानल्या आणि आपण आपल्याच आद्य गद्याला मुकलो. नावूत हा परिणाम फार लवकर झाला आणि रक्तरंजित झाला. स्मिथचा एके काळचा उजवा हात जॉन बेनेट ह्याने १८४२ मध्येच फुटून निघून पुस्तक छापले आणि नव्या विधीची बातमी बाहेर नेली. ग्रँड लॉजने आधी नावू लॉजचे काम थांबविले, मग पुन्हा परवानगी दिली, आणि ऑक्टोबर १८४३ मध्ये मॉर्मन लॉजेसची मान्यता काढून घेतली. नावूकरांनी ती आज्ञा मानली नाही. एप्रिल १८४४ मध्ये त्यांनी आपल्या नव्या मेसन सभागृहाचे थाटाने उद्घाटन केले. तीन महिन्यांच्या आत स्मिथ बंधू कार्थेजच्या तुरुंगात होते.

२७ जून १८४४ रोजी जमाव तुरुंगात शिरला. हायरम आधी पडला. जोसेफ खिडकीशी आला आणि देवाला उद्देशून एक हाक मारीत खाली कोसळला. ती हाक म्हणजे संकटातील मेसनाने आपल्या बंधूंना घालावयाच्या सादेचा आरंभ होता. विधवेच्या पुत्राला साह्य करणारा कोणी नाही काय, असा तिचा उरलेला भाग आहे. नावूच्या 'टाइम्स अँड सीझन्स' पत्राने जुलैमध्येच लिहिले की, मरणाऱ्यांनी मेसनांची संकटखूण केली आणि कोणी हात दिला नाही. जमावात मेसन होते असे मॉर्मन परंपरा ठामपणे सांगते. मरणाऱ्या माणसाने देवाला बोलाविले की खाली उभ्या असलेल्या बंधूंना, हा प्रश्न त्या अर्धवट वाक्याला विचारण्यात अर्थ नाही. त्या ओठांवर ती दोन्ही आवाहने एकच झाली होती. 'बुक ऑफ मॉर्मन'मधील शपथबद्ध टोळ्या आठवल्या म्हणजे ह्या प्रसंगाचा विदारकपणा कळतो : अपराध्याला वाचविणारी शपथ म्हणून ज्या शपथेचा त्या ग्रंथात धिक्कार केला होता, त्याच जातीच्या शपथेने आता त्याला वाचविले नाही.

पुढील इतिहास लवकर सांगण्यासारखा आहे. नावू सोडण्यापूर्वी, डिसेंबर १८४५ ते फेब्रुवारी १८४६ ह्या अवधीत, अपुऱ्या बांधलेल्या मंदिरात पाच हजारांहून अधिक लोकांनी एन्डाउमेंट घेतले. रात्रंदिवस काम चालले होते. यूटामध्ये गेल्यावर ब्रिगम यंगने, स्वतः मेसन असूनही, लॉज काढली नाही. तेथील पहिली लॉज निघाली ती मॉर्मनांवर नजर ठेवण्यास आलेल्या लष्कराच्या छावणीत, आणि तिला सनद दिली मिसुरीच्या ग्रँड लॉजने! यूटाची ग्रँड लॉज १८७२ मध्ये स्थापन झाली. तिने मॉर्मनांना दूर ठेवले. १९२५ मध्ये ही बंदी लेखी नियमात आली आणि १९८४ पर्यंत टिकली. सॉल्ट लेक सिटीच्या १८९३ मध्ये अर्पण झालेल्या मंदिराच्या दगडांवर सूर्य, चंद्र, तारे, हातात हात आणि सर्वसाक्षी नेत्र कोरलेले आहेत. त्याच शहरातले मेसन ही चिन्हे रोज पाहत आणि ती कोरणाऱ्यांना दार बंद ठेवीत.

ह्या विषयावर जे लिहिले गेले त्यात बराच काळ वकिली फार आणि वाचन थोडे असा प्रकार होता. एस. एच. गुडविन ह्यांनी १९२० च्या दशकात मेसनांची बाजू मांडली. ते यूटाच्या ग्रँड लॉजचे सचिवच होते. त्यांना उत्तर म्हणून अँथनी आयव्हिन्स ह्या मॉर्मन धर्मनेत्यांनी १९३४ मध्ये ग्रंथ लिहिला. फॉन ब्रोडी ह्यांचे १९४५ चे स्मिथचरित्र वाङ्मयगुणांनी ह्या दोन्हींपेक्षा सरस आहे, पण साम्य दाखविताच त्यांना काम संपल्यासारखे वाटते. १९७४ मध्ये रीड डरहम ह्यांनी मॉर्मन इतिहास परिषदेचे अध्यक्ष म्हणून नावूतच भाषण केले आणि त्याला विधवेच्या पुत्राच्या त्या हाकेचेच नाव दिले. मेसनरीशिवाय नावूचा इतिहास कळणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पंथाच्या शिक्षणसंस्थेत काम करणाऱ्या ह्या विद्वानाला ते भाषण महाग पडले. त्यांनी त्या विषयावर पुन्हा लिहिले नाही. शिक्षकांच्या ह्या मंडळासमोर ही गोष्ट नुसती नोंदवून पुढे जाणे मला जड जाते. डरहम श्रद्धाळू होते, आणि त्यांनी सांगितले ते आज त्यांच्याच चर्चने प्रसिद्ध केलेल्या माहितीपर लेखांत बव्हंशी मान्य केलेले आहे : साम्य आहे, आणि लॉजमधील अनुभव स्मिथच्या साक्षात्काराला निमित्त झाला. मध्ये गेली ती एका अभ्यासकाची लेखणी.

मायकेल होमर ह्यांचा २०१४ चा ग्रंथ आता ह्या विषयाचा आधारग्रंथ मानावा लागेल. नोंदी, पत्रे, लॉजची कार्यवृत्ते त्यांनी कसोशीने तपासली आहेत, आणि फ्रान्समधील स्त्रियांच्या लॉजेसचा संबंध जोडून पाहिला आहे. माझी एकच तक्रार आहे : त्यांच्या पानांत विधी हा पुरावा म्हणून येतो, रचना म्हणून क्वचित येतो. हिरामच्या जागी आदाम-हव्वा आल्याने सारा अर्थ कसा फिरला ह्याचे विवेचन अजून कोणी समर्थपणे करावयास हवे.

विधी स्थिर राहत नाहीत हेही ह्या दोन परंपरांनी दाखविले आहे. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ मध्ये शपथेतील शारीरिक दंडांचे शब्द काढून टाकण्याचे ठरविले. मॉर्मन मंदिरांतील विधीतून तशाच प्रकारचे शब्द आणि हावभाव १९९० मध्ये गेले. एकमेकांना न विचारता दोघांनी तीच गोष्ट टाकली. विधीत काय सोडता येते ह्याची जाण वाचणाऱ्यापेक्षा चालविणाऱ्यांना अधिक असते, असे दिसते.

आणि काहींनी तर सारेच सोडले. स्मिथच्या मृत्यूनंतर जे मॉर्मन पश्चिमेकडे गेले नाहीत त्यांनी १८६० मध्ये त्याच्या मुलाच्या, तिसऱ्या जोसेफ स्मिथच्या, नेतृत्वाखाली वेगळे चर्च संघटित केले. आज 'कम्युनिटी ऑफ ख्राइस्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या शाखेने नावूचा एन्डाउमेंट विधी कधी स्वीकारला नाही, बहुपत्नीकत्वही नाही. एमा स्मिथ, म्हणजे तो विधी घेणारी पहिली स्त्री, ह्याच शाखेत राहिली. विटांच्या त्या दुकानाची पुनर्बांधणी ह्याच शाखेने केली आणि ज्या खोलीतला विधी आपण मानत नाही ती खोली दीर्घकाळ सांभाळली. मार्च २०२४ मध्ये ती वास्तू, नावूतील इतर वास्तूंसह, यूटाच्या चर्चने विकत घेतली. जुने मेसन सभागृहही नावूत उभे आहे आणि तेही ह्याच चर्चच्या ताब्यात आहे. दोन्ही ठिकाणी कोणाही प्रवाशाला आत जाता येते. मूळ मंदिर १८४८ मध्ये आगीत जळाले. त्याच जागी २००२ मध्ये पुन्हा बांधलेल्या मंदिरात मात्र विधीसाठी पंथाचे पात्र सभासदच जाऊ शकतात.